शब्दचर्चा : ‘कापे’ हे आडनाव आहे का?

प्रश्न : मध्ययुगीन फ्रान्सवरचा एक मजकूर तपासतो आहे. त्यात ‘फिलिप कापे’, ‘लुई कापे’ अशी नावे सर्रास आली आहेत. ‘कापे’ला भोसले-जाधवांसारखे आडनाव समजावे का? आणि ‘कापेशियन’ लिहावे की ‘कापे घराणे’?

उत्तर : आडनाव मुळीच नाही, ते यूग नावाच्या राजाचे टोपणनाव आहे. ९८७ साली फ्रान्सचा राजा पाचवा लुई शिकारीत जखमी होऊन निपुत्रिक वारला. तेव्हा रॅंसचा आर्चबिशप आदाल्बेरों याच्या पुढाकाराने सरदारांनी या यूग कापेला राजा निवडले. कापे हा शब्द बहुधा लॅटिन ‘काप्पा’, म्हणजे झगा किंवा अंगरखा, यावरून आला. यूग हा तूरच्या संत मार्तें मठाचा गृहस्थ मठाधिपती होता, आणि ज्याने आपला झगा कापून अर्धा भिकाऱ्याला दिला तोच हा संत. ‘चॅपल’ (छोटे प्रार्थनागृह) हा शब्दही त्याच झग्यापाशी जातो. यूग ज्या कुळात जन्मला त्याला इतिहासकार रोबेरवंशीय म्हणतात, त्याच्या वंशजांचे ते कापे घराणे. पुढच्या राजांनी ‘कापे’ हे नाव आपल्या नावापुढे लावले नाही. त्यांची ओळख क्रमांकाने किंवा बिरुदाने, जसे फिलिप ऑग्युस्त, संत लुई.

त्यामुळे ‘फिलिप कापे’ सरळ खोडा. ‘कापेशियन’ हे इंग्रजी विशेषण आहे, आपल्याला त्याची गरज नाही. ‘कापे घराणे’ पुरेसे आणि सुंदर आहे.

दुसरे उत्तर : सहमत. उच्चाराचेही सांगतो, ‘Capet’ मधला अखेरचा t फ्रेंचमध्ये मुका असतो, म्हणून ‘कॅपेट’ नको.

पण ‘घराणे’ची व्याप्ती जपून ठरवायला हवी. थेट पित्याकडून पुत्राकडे किंवा भावाकडे जाणारी मूळ शाखा १३२८ मध्ये चौथ्या शार्लबरोबर संपली. त्यानंतरचे व्हालवा आणि १५८९ पासूनचे बुर्बों ही राजघराणी त्याच वंशाच्या पुरुषशाखेतली. म्हणून मी ९८७ ते १३२८ साठी ‘कापे घराणे’ आणि सगळ्या शाखांसाठी ‘कापे वंश’ असा भेद पाळतो. पुष्कळ लेखक दोन्ही एकच मानतात आणि मग कालखंडांचा गोंधळ होतो.

प्रश्नकर्ता : मग ‘लुई कापे’ कुठून आले?

उत्तर : राज्यक्रांतीतून. पदच्युत सोळाव्या लुईवर खटला चालवताना क्रांतिकारकांनी त्याला मुद्दाम साध्या नागरिकासारखे ‘लुई कापे’ म्हटले. त्याने हरकत घेतली होती, ते आपले नाव नाही, पूर्वजाचे आहे, अशी. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो खरा होता! २१ जानेवारी १७९३ ला त्याचा शिरच्छेद झाला. तुमच्या मजकुरात हा प्रसंग असेल तरच ते नाव ठेवा, तेही अवतरणचिन्हांत.