गायकवाड साम्राज्यवादी, आणि इंग्रज रेल्वेवाले?

दांडियाबाजारकर (वडोदरा):
काल इथे एका गृहस्थांनी लिहिलं, ‘गायकवाड, होळकर, शिंदे हेही बाहेरून आलेले साम्राज्यवादीच. इंग्रजांनी निदान रेल्वे तरी दिली.’ खाली अंगठ्यांची रांग! वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मुलूख जिंकणं सगळ्यांनीच केलं. वसूल जातो कुठे आणि गादीवर कोण बसणार हे ठरवतं कोण, ते बघा. दमाजीरावांनी १७३४ मध्ये बडोदं कायमचं घेतलं आणि घराणं इथलंच झालं. सयाजीरावांनी १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते इथल्याच महसुलावर. उलट १८७५ आठवा. ना लढाई, ना संस्थान खालसा. बडोद्यातला इंग्रज रेसिडेंट फेअर याच्यावर विषप्रयोग केल्याचा आळ मल्हारराव गायकवाडांवर आला. चौकशी कमिशनात तीन इंग्रज, तीन हिंदी. इंग्रज म्हणाले दोषी, हिंदी सभासदांना आरोप शाबीत वाटला नाही. तरी ‘गैरकारभार’ म्हणून महाराजांना उतरवून मद्रासला धाडलंच. साम्राज्यवाद तो हा. देशाचा पैसा विलायतेत कसा वाहून जातो याचा हिशेब मांडणारे दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये याच दरबारात दिवाण होते, आणि याच फेअरशी त्यांचं बिनसलं होतं.

काठेवाडी जावई (वडोदरा):
वसूल इथेच राहिला म्हणता? १७५१ मध्ये पेशव्यांनी दमाजीरावांना कैदेत टाकलं आणि अर्धा गुजरात लिहून घेतल्यावरच सोडलं. तो वसूल काय बडोद्याच्या मांडवीत वाटला? आणि काठेवाडात गायकवाडांची मुलूखगिरीची, म्हणजे खंडणी उकळायची, फौज जायची ती शाळा काढायला नव्हे. १८०७ मध्ये कंपनीच्या कर्नल वॉकरनं खंडणीचे आकडे बांधले, तेव्हा कुठे ती थांबली. माझे सासरे तिकडचे. पहिल्या दिवाळीला पंगतीत म्हणाले, ‘तुमच्या लोकांचे घोडे आमच्या उभ्या पिकात चरलेत, तुम्हाला तूप जरा बेतानंच.’ हसत म्हणाले, पण म्हणाले.

लष्करवाला (ग्वाल्हेर):
मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतल्या, त्याला सुकारभार म्हणायचं का? आणि त्या कमिशनवर आमचे जयाजीराव शिंदे होते, तेवढं नाव बरोबर गाळलंत! १८५७ मध्ये ते इंग्रजांकडून राहिले. बक्षीस काय, तर ग्वाल्हेरचा किल्ला १८५८ ते १८८६ गोऱ्यांकडे. परत दिला तोही झांशी घेऊन.

सराफ्यातला (इंदूर):
रेल्वे ‘दिली’? इंदुरात हे बोलून दाखवा भाऊ. खंडवा-इंदूर लाइनसाठी तुकोजीराव दुसऱ्यांनी १ कोटी कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीवर. पैसा होळकरांचा आणि उपकार इंग्रजांचे, वा!

कालचा गृहस्थ:
ज्याच्या पोस्टवर एवढा दंगा चाललाय तो मीच. साडेचार टक्के व्याज देणारा लुटारू मी तरी पाहिला नाही. चौथाईवर मराठ्यांनी कुणाला व्याज दिलं?

सराफ्यातला:
लाइन महूवरून का आली तेही सांगा मग. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर तिथे इंग्रजांची छावणी बसली होती, जत्रा नव्हे. तुमच्यासारखे वकील घरातच असल्यावर विलायतेहून कोणी यायची गरज काय होती!

दांडियाबाजारकर:
रेल्वेचं निघालंच आहे तर ऐका. डभोई-मियागाम लाइन १८६२ ची, खंडेरावांची. सुरुवातीला गाडी बैल ओढायचे. आमचे आजोबा प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. त्यांचा पितळी बिल्ला फडताळात आहे, कडा झिजल्यात, ‘जी. बी. एस. आर.’ अजून वाचता येतं. गायकवाडांची बडोदा स्टेट रेल्वे. कुणी ‘दिलेली’ नव्हे.

लष्करवाला:
बैल ओढतात ती रेल्वे? रुळावरचं गाडं म्हणा. आमची श्योपूरची लाइन बघायची होती, खऱ्या इंजिनाची.

दांडियाबाजारकर:
रुळांची रुंदी दोन फुटी ना? आमची अडीच.

कालचा गृहस्थ:
इंजिनं विलायतेचीच ना पण दोन्हीकडे?

लष्करवाला:
मग तुमच्या हातातला मोबाइल कुठला? त्याचं राज्य मान्य करा उद्यापासून! आणि बडोदेकर, अर्ध्या फुटाचा एवढा माज बरा नव्हे.

काठेवाडी जावई:
साम्राज्यवादावरून गेजवर आलात. मुलूखगिरीचं काय?

दांडियाबाजारकर:
अन्याय होता. घ्या, लिहून दिलं, सासऱ्यांना दाखवा आणि तूप वाढून घ्या. पण तुमच्या वॉकरसाहेबांनी खंडणी माफ केली नाही, फक्त आकडा बांधला. आणि १८२० पासून ती वसूल करणंही कंपनीनं आपल्या हातात घेतलं.

काठेवाडी जावई:
म्हणजे फौजेचा खर्च वाचला आणि गायकवाडांना घरबसल्या पैसे. साहेबाविरुद्ध पुरावा देताय की भागीदारीचा करारनामा वाचून दाखवताय?