माहिती सगळी होती, तरी तीन महिने झोप लागली नाही

वेण्णाकाठ

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. येत्या 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त, आमच्या केंद्रातील शिक्षकांसमोर करोनाच्या साथीच्या काळातील ताण आणि मनाचे आरोग्य या विषयावर तासभर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तयारीला बसले आणि पहिल्याच पानावर अडले, म्हणून येथे विचारत आहे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी सांगितलेले सगळे केले. बातम्या दिवसातून एकदाच पाहायच्या, सकाळी गच्चीवर चालायचे, प्राणायाम करायचा, जेवणाच्या वेळा पाळायच्या. विद्यार्थ्यांनाही तेच सांगत होते आणि नैराश्याची लक्षणे तर मी ऑनलाइन तासाला त्यांच्याकडून लिहून घेतली होती. पुढे एप्रिल 2021 मध्ये सासरे आणि यजमान दोघेही एकाच वेळी बाधित झाले. दवाखान्यात जागा मिळत नव्हती, त्यामुळे उपचार घरीच सुरू होते. रात्री दर तासाला उठून मी मामंजींच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत असे. 94 आकडा दिसला की बोट बदलायचे, तळहात चोळून गरम करायचा, पुन्हा लावायचा आणि 96 दिसेपर्यंत तेथून हलायचे नाही. मुलीच्या प्रयोगवहीच्या मागच्या पानांवर मी ते सगळे आकडे वेळेसह लिहिले होते. ती वही अजून घरात आहे.

दोघेही तीन आठवड्यांत बरे झाले, मला मात्र त्यानंतर तीन महिने झोप नव्हती. शिकवताना वाक्य मध्येच तुटायचे, आणि स्वयंपाक करता करता उगाच रडू यायचे. लक्षणांची यादी तोंडपाठ असूनही ती आपल्याला लागू आहे असे एकदाही मनात आले नाही; दगदग झाली आहे, होईल कमी, असेच वाटत राहिले. अखेर रक्तदाब तपासताना आमच्या डॉक्टरांनी "झोप कशी आहे?" एवढेच विचारले आणि मला बोलताच येईना. पुढे रीतसर उपचार झाले आणि आज मी बरी आहे.

म्हणून दोन प्रश्न आहेत. जी माहिती ऐन वेळी मला उपयोगी पडली नाही, ती मी इतरांना कोणत्या तोंडाने सांगू? आणि चांगल्या सवयींमुळे ताण खरोखर कमी होतो का, की ज्यांच्यावर ताण कमी असतो त्यांनाच सवयी पाळता येतात?

मनोविकारतज्ज्ञ, विदर्भ

ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो फार कमी लोक विचारतात. टाळेबंदीत जी असंख्य सर्वेक्षणे झाली, त्यांतील बरीचशी व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेल्या ऑनलाइन प्रश्नावल्यांवर आधारलेली होती. त्या भरणाऱ्यांत हाती स्मार्टफोन असलेले, शिकलेले आणि शहरी लोक अधिक असणार हे उघड आहे. शिवाय सगळे प्रश्न एकाच वेळी विचारल्यावर, चांगली झोप घेणाऱ्यांवर ताण कमी असतो एवढेच दिसते. त्यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे त्यावरून ठरत नाही. मात्र निद्रानाशावर औषधाशिवाय उपचार केल्यास नैराश्याची लक्षणेही कमी होतात, आणि नियमित व्यायामाने सौम्य नैराश्याला उतार पडतो, हे स्वतंत्र चाचण्यांतून दिसलेले आहे. तेव्हा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो, असेच म्हणावे लागेल. व्याख्यानात एकच सवय सांगायची झाली तर मी उठण्याची वेळ सांगेन. रात्री कितीही उशिरा डोळा लागला तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठायचे. झोप आणणे आपल्या हाती नसते, उठणे बऱ्याच अंशी असते.

आता माहितीविषयी. 'मानसिक आरोग्य साक्षरता' ही संकल्पना 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातील अँथनी जॉर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. लक्षणे ओळखता येणे हा तिचा एक भाग. मदत केव्हा घ्यावी, कोणाकडे जावे आणि उपचारांविषयी काय समजून असावे, हाही तितकाच मोठा भाग आहे. आपल्याकडे पहिला भाग फळ्यावर लिहिला जातो आणि दुसरा राहून जातो. आपल्याला लक्षणे माहीत होती, पण 'इतके दिवस झाले की डॉक्टरांकडे जायचे' ही सीमारेषा कोणी आखून दिली नव्हती. ती अशी सांगावी: दिवसाचा बराचसा वेळ मन उदास आहे किंवा कशातच रस वाटत नाही, आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडून रोजचे काम अडत आहे, ही अवस्था दोन आठवडे टिकली तर तपासून घ्यावे. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. घरात आजारी माणूस असताना जागरण आणि धास्ती असणारच, त्याला आजार म्हणण्याचे कारण नाही. आपली माणसे बरी झाल्यावरही झोप परतली नाही, ही खूण होती.

ऑक्सिमीटरचा प्रसंग व्याख्यानात अवश्य सांगा. दिवसातून तीन-चार वेळा मोजा, आणि सहा मिनिटे चालून आकडा घसरतो का ते पाहा, असे आम्ही त्या काळी सांगत असू. दर तासाच्या मोजणीने रुग्णाचा फारसा फायदा होत नाही, आणि मोजणाऱ्याला मिळणारा दिलासा काही मिनिटेच टिकतो. नंतर शंका पुन्हा डोके वर काढते, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर. खात्री करून घेण्याच्या या ओढीनेच काळजी पोसली जाते, हे शिक्षकांना आपल्या उदाहरणावरून जितके पटेल तितके माझ्या व्याख्येवरून पटणार नाही.

उपचारांविषयी एक गैरसमज मात्र आवर्जून दूर करा. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून अनेक जण ती सोडून देतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते तशी या औषधांची लागत नाही, तरीही ती डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नयेत.

चाळकरी

डॉक्टरांचे म्हणणे पटते, तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. 'शांत जागी बसा, स्वतःसाठी वेळ काढा' हे त्या काळातील सल्ले स्वतंत्र खोली असणाऱ्यांसाठी होते. परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा जण राहत होतो. मुलीची शाळा, माझे काम आणि वडिलांचा खोकला एकाच भिंतीला टेकून चालत असे. आमच्या उपयोगी पडले ते एवढेच, की संध्याकाळी प्रत्येकाला गॅलरीत अर्धा तास एकट्याने उभे राहण्याची पाळी ठरवून दिली आणि त्या वेळात त्याला कोणी हाक मारायची नाही असे ठरवले. पाळीवरून भांडणेही झाली, पण ती मोडली नाही. आपल्यासमोरच्या शिक्षकांच्या वर्गातही अशाच घरांतली मुले असतील, त्यांचा विचार करून सवयी सांगाव्यात ही विनंती.

गटप्रवर्तक

ताई, मी आशा सेविकांची गटप्रवर्तक म्हणून काम करते. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली तेव्हा आम्ही घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत होतो, मधुमेह, रक्तदाब विचारून नोंदवत होतो. एका वस्तीवर एक आजी होत्या. त्यांचा मुलगा मुंबईत साथीत गेला आणि त्याचे अंत्यविधी तिकडेच झाले. आजींना त्याचे तोंडही पाहता आले नाही. आम्ही कपाळासमोर तापमापक धरला की त्या डोळे मिटून घेत. "ताप न्हाई गं बाई, पण जीव ऱ्हात न्हाई," असे त्या म्हणाल्या. आम्ही ताप नाही, ऑक्सिजन 98 अशी नोंद केली आणि पुढच्या घरी गेलो. जीव राहत नाही हे लिहायला आमच्याजवळ रकाना नव्हता. ही खंत माझ्या मनातून गेलेली नाही.

म्हणून सांगते, व्याख्यानात 'तणाव', 'चिंता', 'नैराश्य' हे शब्द असू द्या, पण लोक त्या शब्दांत बोलत नाहीत. जीव घाबरतो, छातीत धडधडतं, डोकं जड झालंय, अन्न गोड लागत नाही, हातापायाला मुंग्या येतात, कशात मन लागत नाही, असे म्हणतात. आपणही 'दगदग' म्हणालात, ताई. ऐकणाऱ्याला हे शब्द ओळखता आले नाहीत तर समोरचे माणूस मदत मागत आहे हे कळतच नाही. आमच्या आशाताई स्वतःही त्या दिवसांत अशाच बोलत होत्या. गल्लीतले लोक त्यांना पाहून दार लावून घेत होते, घरी गेल्यावर त्या अंगणात आंघोळ करूनच आत पाऊल टाकत होत्या, आणि त्यांची झोप कशी आहे हे कोणी विचारत नव्हते.

फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. ऑक्टोबर 2022 पासून ती सुरू आहे, रात्रंदिवस आणि मोफत मिळते, मराठीतही बोलता येते. त्या वेळी ती असती तर आजींच्या सुनेला मी तोच क्रमांक दिला असता.

वेण्णाकाठ

आपणा तिघांचीही मी मनापासून ऋणी आहे. 'दगदग' हा माझा स्वतःचाच शब्द होता, हे गटप्रवर्तक ताईंनी दाखवून देईपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचे प्रमाण 25 टक्क्यांनी वाढले, हा जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये दिलेला आकडा मी आरंभी मांडणार होते. तो आता शेवटी घेईन. सुरुवातीला प्रत्येक शिक्षकाला एक कोरा कागद देऊन, टाळेबंदीत घरातल्या माणसांच्या तोंडी कोणते शब्द होते ते लिहायला सांगेन. त्यांतून डॉक्टरांनी सांगितलेली दोन आठवड्यांची सीमारेषा समजावून देता येईल, असे वाटते. सवयींच्या भागात उठण्याची वेळ आणि गॅलरीतील पाळी या दोनच गोष्टी ठेवते.

मुलीची ती प्रयोगवही सोबत नेणार आहे. आज काढून पाहिली. 23 एप्रिलच्या रात्री दोन ते तीनच्या दरम्यान मी अकरा आकडे लिहिले आहेत, आणि त्यातला एकही 95 च्या खाली नाही.