‘पूरक’ की ‘पर्यायी’?

नौपाडकर: नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी मराठी पत्रक करतोय. कॉम्प्लिमेंटरी थेरपीला ‘पर्यायी उपचार’ लिहिलं, तर तपासणाऱ्या सिस्टरांनी लाल रेघ मारली. दोन्ही शब्द सर्रास वापरतात ना?

घोडबंदरवासी: रेघ योग्यच. पर्याय म्हणजे एकाच्या जागी दुसरं. लोकल बंद म्हणून टीएमटीची बस. केमोच्या मळमळीवर डॉक्टरांची गोळी चालू ठेवून अॅक्युप्रेशर केलं, तर ते पूरक. केमोच सोडून काढा घेतला, तर पर्यायी. अमेरिकेतल्या अशा उपचारांवरच्या सरकारी संशोधन केंद्रानेही 2014 साली नावातून ‘पर्यायी’ काढून ‘एकात्मिक’ घातलं. (आपलं आयुष मंत्रालय त्याच वर्षीचं. तिथल्या वैद्यांसमोर आयुर्वेदाला ‘पर्यायी’ म्हणून बघा!)

वाशीची: आमच्या योगवर्गात पूरक म्हणजे श्वास आत घेणं. पुढे कुंभक, रेचक. आज्या गोंधळतील.

जुनी पोथी: मला ‘उपचार’च जास्त आवडतो. उपचार, परिचर्या, परिचारिका, सगळे ‘चर्’ धातूचे. पूजेतले षोडशोपचारही त्यातलेच. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद आहेत: वैद्य, औषध, परिचारक, रोगी. परिचारकाचा पहिला गुण सांगितलाय ‘उपचारज्ञता’. आणि ‘शुश्रूषा’चा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा!

ऐरोली नाइट ड्युटी: ऐकण्यावरूनच सांगते. पेशंटपाशी यातला एकही शब्द चालत नाही. एका आजोबांना भरती करताना विचारलं, “दुसरं काही औषध चालू आहे?” म्हणाले, नाही. सुनेकडून कळलं, रोज लसणाच्या कॅप्सूल आणि कसलासा काढा. आजोबा म्हणे, “ते औषध कुठंय? ते घरचं.” आणि रक्त पातळ ठेवायची गोळी चालू! लसणाच्या कॅप्सूलने रक्तस्रावाचा धोका आणखी वाढू शकतो, ऑपरेशनआधी हे डॉक्टरांना कळायलाच हवं. तेव्हापासून मी नावं घेऊन विचारते: काढा, चूर्ण, आसव, पुडी, मालिश. होमिओपॅथी विचारली तर मान हलते, ‘साबुदाण्याच्या गोळ्या’ म्हटलं की पर्समधून बाटली निघते.

नौपाडकर: मग पत्रकावर ‘पूरक’, आणि भरतीच्या प्रश्नांत तुमची यादी. मालिशला आमची आई ‘चोळून घेणं’ म्हणते. तेही घालू?

ऐरोली नाइट ड्युटी: घाला. आणि ‘लेप’ राहिला.

वाशीची: दृष्ट काढणं?

ऐरोली नाइट ड्युटी: ते पोटात जात नाही, खुशाल काढा.