जुन्या खिडक्यांचा ऑइल पेंट आणि शिसं: काढायला सरकारी मदत मिळते का?

गावभागातली आजी
नमस्कार. आमचं घर सांगलीत गावभागात, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. भिंती मातीच्या, खिडक्या-दारं सागवानी. २०१९ च्या पुरात माजघरात छातीएवढं पाणी होतं. तेव्हापासून खिडक्यांचा रंग सुटतोय. वर आकाशी, खाली हिरवा, त्याखाली पिवळा आणि लाकडाला चिकटून पांढरा. पोपडा हातात घेतला की कांद्यासारखे पापुद्रे मोजता येतात. सासूबाई घरात लग्न निघालं की एक हात मारून घ्यायच्या, तेव्हा चार नणंदांची लग्नं त्या चौकटीवर आहेत म्हणा ना.

लेक ओहायोहून दोन वर्षांच्या नातवाला घेऊन आलीय. तो खिडकीत उभा राहून गज चावतो. पहिल्याच दिवशी लेक किंचाळली, "आई, त्याला आधी तिथून उचल!" आम्ही हसलो. सगळे त्याच खिडकीत वाढलो, काय झालं? मग तिनं सोबत आणलेला कापसाच्या बोळ्यासारखा किट त्या पांढऱ्या थरावर घासला. बोळा गुलाबी झाला. म्हणजे शिसं.

ती म्हणते, तिकडं तिच्या भाड्याच्या घराच्या खिडक्या सरकारी अनुदानातून बदलून मिळाल्या. आपल्याकडं असं काही आहे का? अकरा खिडक्या आहेत. एकानं मशीननं घासून द्यायचे साठ हजार सांगितलेत.

मिरजकर
काकू, घरकुल योजनेत बघा की. नाहीतर वरून नवा रंग मारा, विषय संपला.

गावभागातली आजी
घरकुलाचं विचारून झालं. ते पैसे घर बांधायला असतात, खिडक्या खरवडायला नाहीत.

ओहायोवाली (माहेर इस्लामपूर)
काकू, लेक सांगते ते खरंय, पण ते पैसे घरमालकाच्या हातात येत नाहीत. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं गृहनिर्माण खातं शहराला नाहीतर राज्याला अनुदान देतं आणि लोकांनी अर्ज शहराकडं करायचा. घर १९७८ च्या आधीचं लागतं, कारण घराच्या रंगात शिसं घालायला त्या वर्षी बंदी आली. मालक स्वतः राहत असेल तर त्याचं उत्पन्न त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आत हवं आणि घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई हवी. भाड्याचं घर असेल तर भाडेकरू कमी उत्पन्नाचे हवेत, शिवाय पुढची तीन वर्षं लहान मुलं असलेल्यांना आधी घर द्यायचं अशी मालकावर अट.

आमच्याकडं एक माणूस बंदुकीसारखं यंत्र भिंतीला टेकवून शिसं मोजत घरभर फिरला. सगळा रंग काढला असं मात्र नाही. खिडक्या बदलल्या, कारण वर-खाली करताना रंग घासतो, त्याची पूड होते आणि तीच पोराच्या हातातून तोंडात जाते. आम्ही दहा दिवस बाहेर राहिलो. शेवटी फरशीवरची धूळ ओल्या फडक्यानं टिपून तपासायला पाठवली आणि ती पास झाल्यावरच घरात घेतलं.

म्हणून मिरजकर, खिडकीवर नवा हात टिकत नाही. आणि काकू, नातवाचं रक्त तपासून घ्या. इथं डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमच्या वर शिसं निघालं की डॉक्टर पुन्हा पुन्हा तपासायला बोलावतात. लोह कमी असलेल्या पोराच्या अंगात शिसं जास्त शोषलं जातं, तेही बघायला सांगा.

रंगारी, कराड
ताई, तीस वर्षं रंगकाम करतोय. भिंतींचा घोर करू नका, त्यांना चुना असणार आणि चुन्यात शिसं नसतं. जिन्यात, माजघरात खालचा तीन फुटी पट्टा ऑइल पेंटचा असला तर तो तेवढा बघा.

लाकडाला चिकटलेला पांढरा म्हणजे जुना सफेदा. आमचे वस्ताद सफेदा जवसाच्या तेलात घोटून पहिला हात द्यायचे. सफेदा म्हणजे शिसंच. लोखंडी गजाला शेंदूर लावायचे, तोही शिशाचा. तुमचा नातू नेमका तोच चावतोय. वस्तादांच्या हिरड्यांवर निळी रेघ होती, आम्ही समजायचो मिश्रीची. पोटात कळा यायच्या. शेवटी शेवटी उजवं मनगट लुळं पडलं, ब्रश धरता येईना. उभा जन्म कोरडंच घासलं त्यांनी.

म्हणून साठ हजारवाल्याला आधी नाही म्हणा. मशीननं घासलं की पूड घरभर, अगदी पिठाच्या डब्यापर्यंत. बत्ती लावून रंग जाळणारेही येतील, त्यांना दारातूनच परत लावा. पाणी मारत मारत पट्टीनं खरवडायचं, घासायचा पेपरसुद्धा ओलाच. खाली प्लॅस्टिक, दाराला प्लॅस्टिकचा पडदा. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. काम चालू असेतो पोरगं पाहुण्यांकडं. अकराच्या अकरा नका काढू, त्याचा हात पोचतो त्या दोन-तीन आधी. गज सरळ नवे घाला.

विट्याचा दुकानदार
नवा रंग घेताना डब्यावरचं वाचा. २०१६ चा नियम आहे, १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या वर चालत नाही आणि तसं डब्यावर छापावं लागतं. पण तो नियम नव्या रंगाला. तुमच्या नणंदांच्या लग्नातल्या रंगाला तो लागू नाही.

गावभागातली आजी
दादा, वस्तादांचं वाचून जेवण गेलं नाही. मशीनवाल्याला नको म्हणून कळवलं. लेक नातवाला घेऊन विश्रामबागला मावशीकडं गेली, सोमवारी रक्त द्यायचंय.

पण एक राहिलं सांगायचं. कुजलेल्या दोन चौकटी सुतारानं मागच्या आठवड्यातच काढल्या होत्या. वाळलेलं सागवान, टाकायचं कशाला म्हणून चार दिवस बंबात घालतेय. राख भांड्यांना वापरतोय.

रंगारी, कराड
बंब विझवा आधी! रंग जळतो, शिसं जळत नाही, ते धुरात नि राखेत राहतं. ती भांडी पाण्यानं चांगली धुवून घ्या. राखेवर पाणी मारा, मगच भरा, उडवू नका.

गावभागातली आजी
भरली, दोन पिशव्या. तोंडं बांधून परसात ठेवल्यात. आता टाकू कुठं?

रंगारी, कराड
तुळशीत नको, परड्यात नको. घंटागाडीवाल्याला आत काय आहे ते सांगून वेगळी द्या. आणि कृष्णेत तेवढी सोडू नका.