गोठ्यातील गोचिडाचे औषध, कुत्रा आणि मांजर: एकाच घरात दोघांना कसे जपावे?

प्रश्न: पडवीकर (चिपळूण तालुका)

दोन वर्षांपूर्वी आम्ही शहर सोडून गावच्या घरी राहावयास आलो. घरी दोन गाई, खंड्या नावाचा चार वर्षांचा गावठी कुत्रा आणि चिंगी नावाची दीड वर्षाची मांजर आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून खंड्याच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड इतके वाढले की तो रात्रभर अंग खाजवीत बसे. सासऱ्यांनी त्याच्यावरील मायेपोटी गाईंसाठी आणलेले डेल्टामेथ्रिन हे गोचिडाचे औषध पाण्यात मिसळून त्याच्या अंगाला लावले. त्या रात्री चिंगी नेहमीप्रमाणे पडवीत त्याच्या पोटाशी झोपली. पहाटे पाहिले तर तिचे कान आणि पाय सारखे फडफडत होते, तोंडातून लाळ गळत होती आणि तिला उभेही राहता येत नव्हते. आम्ही तिला तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे नेले, तीन दिवस सलाईन आणि आचके थांबविणारे औषध चालले आणि ती वाचली. सासरे अजूनही स्वतःला दोष देतात.

खंड्याला त्या औषधाने काहीही झाले नाही, मग तेच औषध अंगाला लावलेलेही नसताना चिंगीला इतके का बाधले, हे मला समजून घ्यायचे आहे. शिवाय पंधरा दिवसांत गोचीड पुन्हा आले. गेल्या आठवड्यात खंड्याला ताप आला आणि तो दोन दिवस जेवला नाही. या दोघांना वेगळे ठेवणे आमच्याच्याने होणार नाही, कारण ती एकमेकांवाचून राहत नाहीत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १: निवृत्त पशुधन अधिकारी

ताई, चिंगी वाचली याचे श्रेय तुम्ही वेळेवर धावपळ केलीत याला आहे. सासऱ्यांना माझ्या वतीने सांगा की ही चूक मी माझ्या नोकरीत अनेक चांगल्या, प्राण्यांवर जीव असणाऱ्या माणसांकडून झालेली पाहिली आहे.

आपण मांजराला लहान आकाराचा कुत्रा समजतो, पण त्याच्या यकृताची घडण निराळी आहे. शरीरात शिरलेले अनेक विषारी पदार्थ ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडून लघवीवाटे बाहेर टाकण्याचे जे काम कुत्र्याचे आणि माणसाचे यकृत सहज करते, ते मांजराच्या यकृताला फारच अपुरे जमते. त्यामुळे डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन या जातीची औषधे तिच्या शरीरात साठून राहतात आणि मज्जातंतूंना सतत उद्दीपित करतात. तुम्ही पाहिलेली फडफड त्यातूनच आली. दुसरे असे की मांजर दिवसाचा बराच वेळ स्वतःचे अंग चाटण्यात घालविते. कुत्र्याच्या अंगावरचे औषध झोपेत तिच्या केसांना लागले की ते चाटण्यावाटे पोटात जाणारच. म्हणून मांजर असलेल्या घरात जमिनीवर, अंथरुणावर किंवा कुत्र्याच्या अंगावर जे जे पडते, ते मांजर खाणार आहे असे धरूनच चालावे. माझ्या मते यातली निम्मी काळजी या एका समजुतीने आपोआप घेतली जाते.

याच कारणासाठी दोन गोष्टी आजच करा. घरात तापाची पॅरासिटामॉलची गोळी असेल तर ती मांजराला कधीही, अगदी पाव भागही देऊ नका, कारण ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेण्यास पुरेशी आहे. तिच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते आणि हिरड्या तपकिरी-निळसर दिसू लागतात. आणि फरशी फिनेलने पुसत असाल तर ती पूर्ण वाळेपर्यंत चिंगीला आत घेऊ नका. शक्यतो साध्या साबणाच्या पाण्याने पुसून नंतर स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसणे बरे. डांबराच्या गोळ्याही ती जाते त्या कोपऱ्यात ठेवू नयेत.

आता गोचिडाकडे वळतो. गाईच्या अंगावर सहसा आढळणारा गोचीड आणि खंड्याच्या कानातला गोचीड या दोन वेगळ्या जाती आहेत. गाईचा गोचीड पिल्लू असल्यापासून मोठा होईपर्यंत त्याच एका जनावरावर राहतो. कुत्र्याचा तपकिरी गोचीड मात्र आयुष्यात तीन वेळा अंगावर चढतो आणि तीन वेळा रक्त पिऊन खाली उतरतो. मधला सारा काळ तो भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे, पडवीच्या लाकडी खांबांच्या फटींत काढतो. मादी अंडी घालते तीही तिथेच, आणि ती अंडी शेकड्यांनी नव्हे तर हजारांनी असतात. तुम्ही खंड्याला औषध लावलेत तेव्हा अंगावरचे गोचीड मेले, पण भिंतीतले तसेच राहिले आणि पंधरा दिवसांनी भुकेले होऊन चढले. यावर उपाय म्हणजे भेगा चुन्याने किंवा सिमेंटने बुजविणे, खंड्याचे पोते दर आठवड्याला उकळत्या पाण्यात धुणे आणि ऊन पडेल तेव्हा कडकडीत वाळविणे. गोठ्यात काही जण भिंतीवरून ज्योत फिरवितात. लाकूड आणि पेंढा असलेल्या पडवीत तसे करू नये.

खंड्यासाठी वजनाप्रमाणे पोटात देण्याची गोचीडनाशक गोळी मिळते, ती पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्या. काही गोळ्यांचा परिणाम महिनाभर आणि काहींचा सुमारे तीन महिने टिकतो. तुमच्या घरासाठी तिचा मोठा लाभ असा की औषध अंगावर राहत नाही, त्यामुळे चिंगीने त्याला कितीही चाटले तरी भय नाही. खंड्याला पूर्वी कधी फिट आली असल्यास ते डॉक्टरांना अगोदर सांगा. गाईंचे औषध गाईंनाच राहू द्या, अंग वाळेपर्यंत चिंगीला गोठ्यात जाऊ देऊ नका आणि उरलेले पाणी पऱ्यात (ओढ्यात) ओतू नका, कारण मासे आणि खेकडे त्याने लगेच मरतात.

खंड्याच्या तापाकडे मात्र थांबून पाहू नका. गोचिडातून एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन आजार कुत्र्याला होतात. पहिल्यात रक्तातील प्लेटलेट घटतात आणि नाकातून रक्त येऊ शकते, तर दुसऱ्यात रक्तपेशी फुटून हिरड्या पांढुरक्या पडतात व लघवी गडद होते. मधेच ताप उतरला म्हणजे आजार गेला असे समजू नये, कारण एर्लिकिया कित्येक महिने शरीरात दबा धरून राहू शकतो. उद्याच रक्त तपासून घ्या.

उत्तर २: बोक्याची आई (ठाणे)

वरील उत्तरात सारे मोलाचे आले आहे. मला केवळ पहिल्या तासाविषयी लिहायचे आहे, कारण आमच्या बोक्याच्या बाबतीत मी तो तास वाया घालविला. दुकानातून आणलेले कुत्र्याचे थेंब मी त्याच्या मानेवर टाकले. वेष्टनावर मांजराला देऊ नये असे बारीक अक्षरात छापले होते, ते मी नंतर वाचले. शेजारच्या काकूंनी दूध पाजावयास सांगितले आणि मी तेच करीत बसले. दुधाने असे विष उतरत नाही आणि आचके येणाऱ्या प्राण्याच्या तोंडात काही ओतल्यास ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

त्या वेळी करायचे ते इतकेच: मांजर शुद्धीवर असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासण्याचा सौम्य द्रव यांनी अंग धुवावे, लगेच कोरडे पुसून टॉवेलात गुंडाळावे आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा. बाटली दाखविल्यामुळे डॉक्टरांचा बहुमोल वेळ वाचतो.

आणखी एक, ताई. चिंगीला आपण काय खावयास घालता? गावाकडे दूध-भात घालण्याची रीत आहे आणि मीही लहानपणी तेच पाहिले. मांजराला टॉरिन नावाचा घटक मांस-मासळीतूनच मिळवावा लागतो. तो दीर्घकाळ न मिळाल्यास तिची दृष्टी जाऊ शकते आणि हृदय कमकुवत होते.

उत्तर ३: रानवाटा (सावंतवाडी)

आपला प्रश्न गोचिडाचा आहे, परंतु खंड्या पडवीत झोपतो हे वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. आमच्या वाडीत गेल्या दोन पावसाळ्यांत तीन कुत्रे बिबट्याने नेले आणि तिन्ही साखळीला बांधलेले होते. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. दिवेलागणीपूर्वी खंड्याला दाराच्या आत घ्यावे. राखण तर तो आतून भुंकूनही करतोच.

पावसात फुरसे लाकडाच्या ढिगाऱ्यात आणि चिऱ्यांच्या आडोशाला येते, आणि कुत्रा हुंगावयास तोंड खुपसतो. नाकाडावर अचानक सूज दिसली तर चिरा देऊ नये, आवळून बांधू नये आणि त्याला चालवू नये. उचलून गाडीत ठेवावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी एकच प्रतिसर्पविष लस असते आणि ती जनावरांनाही दिली जाते. ती आपल्या भागात कोणाकडे ठेवलेली असते, एवढे मात्र आजच फोन करून विचारून ठेवा. आमच्या शेजाऱ्यांनी ते रात्री अकरा वाजता शोधावयास घेतले आणि उजाडण्यापूर्वी कुत्रा गेला.

प्रतिसाद: पडवीकर

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. काल रक्त तपासले. एर्लिकिया निघाला असून प्लेटलेट कमी आहेत. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या २८ दिवसांसाठी दिल्या आहेत, पण सकाळी उपाशीपोटी दिलेली गोळी खंड्याने ओकून टाकली. ती दुधातून द्यावी का? सासऱ्यांनी गाईंचे औषध गोठ्यातील कुलपाच्या पेटीत ठेवले असून भेगा बुजविण्यासाठी गवंड्याला परवा बोलाविले आहे. चिंगीला आम्ही खरोखरच दूध-भात आणि कधीमधी सुकी मासळी घालीत होतो.

उत्तर ४: निवृत्त पशुधन अधिकारी

दुधातून देऊ नका. दुधातील कॅल्शियम या औषधाला बांधून ठेवते आणि गोळीचा परिणाम कमी होतो. भात आणि उकडलेली कोंबडी असे जेवण देऊन त्यानंतर गोळी द्यावी आणि वर थोडे पाणी पाजावे, म्हणजे ती घशात अडकून राहणार नाही. चार-पाच दिवसांत खंड्या पूर्वीसारखा उड्या मारू लागेल आणि गोळ्या थांबविण्याचा मोह होईल. २८ दिवस पूर्ण करा. प्लेटलेट पुन्हा केव्हा तपासायच्या ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्याआधी नाकातून रक्त आले, पोटावर जांभळे डाग दिसले किंवा तो पुन्हा जेवेनासा झाला, तर त्याच दिवशी घेऊन जा. या काळात त्याला वेदनाशामक म्हणून घरातील माणसांची कोणतीही गोळी देऊ नका.

चिंगीसाठी सुकी मासळी बंद करा, तिच्यात मीठ फार असते. ताजी मासळी उकडून, काटे काढून द्या, परंतु बांगडा किंवा तारली अशी तेलकट मासळी रोज आणि केवळ तीच घालू नका, कारण तिच्यामुळे ई जीवनसत्त्वाची कमतरता होऊन अंगातील चरबीला दाहक सूज येते. कोंबडीचे मांस आणि आठवड्यातून एकदा थोडे काळीज हे तिला मानवेल. मांजराचे तयार खाद्य परवडत असेल तर सर्वांत सोपे, मात्र खंड्याचे खाद्य तिला आणि तिचे खंड्याला असे करू नये. तिच्यासाठी ताटली उंचावर, चुलीशेजारच्या कट्ट्यावर ठेवा. तिथे खंड्या पोहोचणार नाही आणि तिलाही निवांत जेवता येईल.

दोघे एकत्र झोपू देत. गोळी सुरू झाल्यावर त्याला काहीच हरकत नाही.