क्रोमची चाके: कोणती घ्यावीत आणि टिकवावीत कशी?

रविवारची_गाडी
नमस्कार. माझ्या आठ वर्षे जुन्या सेदानला लोखंडी रिम आणि त्यांवर प्लास्टिकची व्हीलकव्हर आहेत. १८५/६५ आर१५ मापाचे, म्हणजे १५ इंची रिमचे, टायर आता बदलायलाच हवेत, तेव्हा त्याच खेपेला क्रोमची चाके बसवावीत असे मनात आहे. चार नव्या टायरांना जेवढे पैसे पडतील तेवढेच रिमांसाठी वेगळे काढले आहेत आणि त्याच्या वर जायचे नाही. गाडी उघड्यावर उभी असते, समुद्र फार लांब नाही आणि गाडी धुणारा मीच, तोही आठवड्यातून एकदा. क्रोम कोणते घ्यावे आणि त्याची निगा कशी राखावी, एवढेच विचारायचे आहे. क्रोम घ्यावे की नाही, हे विचारलेले नाही.

पाचवे_चाक
विचारले नसले तरी सांगतो, घेऊ नका. माझ्या मागच्या डाव्या चाकातली हवा दर आठ-दहा दिवसांनी उतरत असे. तीनदा पंक्चर शोधले, व्हॉल्व्ह बदलला, शेवटी टायरवर संशय घेऊन तोही बदलला. मग एका जुन्या कारागिराने रिमच्या कडेने साबणाचे पाणी फिरवले, तेव्हा टायर आणि रिम जिथे एकमेकांना टेकतात तिथून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगू लागले. टायर उतरवून पाहिले तर आत बीड, म्हणजे टायरची रिमला चिकटून बसणारी कड, बसते त्या जागी मुलाम्याचे पापुद्रे सुटले होते आणि त्यांच्याखाली ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी साचली होती. एक पापुद्रा नखाने उचकटायला गेलो आणि बोट कापून घेतले. बाहेरून मात्र त्याच चाकात पाहून दाढी करता आली असती.

घाटवळण
माझ्या गाडीला १८ इंची क्रोम चाके आहेत आणि चार वर्षांत त्यांच्यावर एक डाग नाही. ती तुमच्या रकमेत बसणार नाहीत हे मान्य, परंतु थोडे थांबून घ्या, पण १८च घ्या. १५ इंचांवर क्रोम उठून दिसत नाही. माझी गाडी थांबली की शेजारच्या गाडीची काच हमखास खाली होते.

लख्ख
निवड करण्याआधी हे लक्षात घ्यावे की ‘क्रोम’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिला प्रकार विजेच्या साहाय्याने चढवलेल्या खऱ्या मुलाम्याचा. त्यात सर्वांत वर असणारा क्रोमियमचा थर मायक्रॉनच्या काही दशांशांइतकाच असतो. ती निळसर झाक आणि कठीणपणा त्याचा, पण गंजापासून राखण्याचे काम त्याच्याखालचा, त्याहून कितीतरी पट जाड असा निकेलचा थर करतो. म्हणून स्वस्त मुलाम्यात काटकसर होते ती निकेलमध्ये, आणि ती विकत घेताना डोळ्यांना दिसत नाही. दुसरा प्रकार पीव्हीडी, ज्यात रिमवर आधी पावडर कोटिंग, त्यावर निर्वात पेटीत बसवलेला धातूचा अतिशय पातळ पडदा आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेचा थर असतो. तिसऱ्या प्रकारात मुलामा दिलेले प्लास्टिकचे कवच रिमवर चिकटवलेले असते. बोटाने टिचकी मारली की बद्द आवाज येतो.

माझी चाके पीव्हीडी आहेत. तुमच्या मर्यादेत चांगला मुलामा मिळेल अशी आशा मला वाटत नाही, त्यामुळे पीव्हीडी घ्या असे सुचवतो. मात्र तिथे आपण पुसतो ती लाख असते, धातू नव्हे. धातूचे पॉलिश घासलेत तर ती धुरकट होते आणि मग उपाय उरत नाही.

जुनी_सेदान
एवढे शास्त्र कशाला? स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून पाण्यात बुडवा आणि घासा, गंज जातो. मी माझ्या जुन्या गाडीचा बंपर असाच वीस वर्षे चकचकीत ठेवला होता.

लख्ख
तुमचा बंपर लोखंडाचा होता, म्हणून त्याला तांबडा गंज येत होता आणि तो फॉइलने निघत होता. अलॉयच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, रिमला तांबडा गंज येतच नाही. तिथे मुलाम्याखालचे ॲल्युमिनियम पांढरे पडून फुगते, आणि फुगवटा वरून घासल्याने बसत नाही. पीव्हीडीवर तर फॉइल लावूच नये.

जुनी_सेदान
फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते, ओरखडा पडत नाही. वीस वर्षे म्हणजे वीस वर्षे.

टॉर्कपाना
ओरखड्यांचा वाद चालू द्या, पण चाक गाडीला नीट बसते की नाही हे कोणी विचारलेलेच नाही. नटांच्या भोकांची संख्या आणि ती ज्यावर असतात त्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून गाडीला टेकणाऱ्या बाजूचे अंतर) आणि रिमची भारक्षमता या चार गोष्टी जुळल्याशिवाय पैसे देऊ नका. भारक्षमता एका चाकाची असते, म्हणून गाडीच्या जास्त भार असलेल्या ॲक्सलची कमाल वजनमर्यादा घेऊन तिचे निम्मे करा; रिमवर कोरलेला आकडा त्यापेक्षा कमी असता कामा नये. मधले भोक हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या गाडीच्या मधल्या भागापेक्षा, मोठे असेल तर योग्य मापाची रिंग घाला, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरते आणि माणूस विनाकारण बॅलन्सिंगवाल्याला दोष देत बसतो.

मापाचे गणित असे आहे. तुमच्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६२१.५ मिलिमीटर आहे. १६ इंची रिमवर १९५/५५ घेतला तर तो ६२०.९ होतो, १७ इंचीवर २०५/४५ घेतला तर ६१६.३. म्हणजे स्पीडोमीटर फारसा चुकणार नाही, पण टायरची भिंत १२० मिलिमीटरवरून ९२ वर येते आणि तेवढ्याने खड्ड्याचा मार थेट रिमला बसू लागतो. साध्या अलॉयची घासलेली कड भरून रंगवता येते. क्रोमची कड एकदा घासली की संपूर्ण मुलामा उतरवून नव्याने चढवण्याखेरीज इलाज नाही, आणि त्या आम्ल-प्रक्रियेनंतर रिमच्या मजबुतीची हमी कोण घेणार? यासाठी माझे मत चांदी रंगाच्या साध्या अलॉयला.

पाचवे_चाक
मीही तेच म्हणालो होतो.

घाटवळण
१८ इंचांना खड्ड्याचा त्रास होतो हा अपप्रचार आहे. माझ्या चाकांना काही झालेले नाही. अर्थात गाडी गॅरेजमध्ये झाकून असते आणि महिन्यातून दोनदा बाहेर निघते.

अबोली_हॅचबॅक
निगेबद्दल विचारले होते, ते बाजूलाच राहिले. मी सहा वर्षे मुलाम्याची चाके वापरत आहे, तीही उघड्यावर. चाक गार झाल्याशिवाय त्यावर पाणी घालत नाही, कारण गरम धातूवर साबण लगेच सुकून डाग धरतो. गाडी धुण्याचा सौम्य शाम्पू वापरते. चाकांसाठी बादली आणि फडके वेगळे ठेवते, कारण ब्रेकच्या काळ्या भुकटीत लोखंडाचे कण असतात आणि तेच फडके पत्र्यावर फिरवले तर रंगावर रेघोट्या उठतात. भुकटी चिकटून बसली असेल तर आम्ल नसलेला आयर्न रिमूव्हर मारते. तो जांभळा होऊन ओघळतो, वास असह्य असतो, आणि सुकण्याआधी धुवावा लागतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेवटी प्रत्येक चाक कोरडे पुसते, नटांचे खळगेसुद्धा, आणि दोन-तीन महिन्यांनी मेण लावते. समुद्राजवळ तुमचे आठवड्यातून एकदा धुणे पुरेल, पण आतली बाजू वगळू नका. मीठ तिथेच साचते.

एकदा घाईत धुलाई केंद्रात गाडी दिली होती. तिथल्या मुलाने ‘चाके पांढरी शुभ्र करतो’ म्हणत आम्लाचा फवारा मारला. दुसऱ्या दिवशी चारही चाकांवर दुधी ओघळ दिसले, आणि त्यांतले दोन आजही आहेत.

टॉर्कपाना
बॅलन्सिंगची वजने कडेला ठोकायची नव्हेत, आतून चिकटवायची घ्या, हे लिहायचे राहिले. ठोकलेल्या क्लिपखाली मुलामा दुखावतो आणि पहिला पापुद्रा तिथूनच सुटतो. नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच पिळाच्या जोराने, आवळावेत आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा तपासावेत, कारण नव्या चाकात नटाची बैठक थोडी दबते. जुने नट नव्या रिमच्या खोबणीत बसतात का, तेही पाहा. शंकूच्या आकाराचा नट गोल खोबणीत जेमतेम टेकतो.

रविवारची_गाडी
सर्वांचे आभार. चाके घेतली. १८ इंची नाहीत, पीव्हीडी नाहीत, चांदी रंगाची तर नाहीतच. १५ इंची, खऱ्या मुलाम्याची, वापरलेली आहेत. विकणाऱ्याने टायर आधीच उतरवले होते, त्यामुळे बीडची जागा चारही चाकांवर बोट फिरवून पाहता आली. तीन स्वच्छ आहेत. चौथ्याला आतल्या कडेला पेराएवढ्या लांबीचा पापुद्रा सुटला आहे. तो काढून, जागा घासून, सीलर लावून टायर चढवू असे टायरवाला म्हणाला. भोके, ऑफसेट आणि भारक्षमता जुळली. जुने टायर लोखंडी रिमांवरच ठेवणार आहे, म्हणजे पावसाळ्यात ते लावून क्रोम घरात ठेवता येतील.

टॉर्कपाना
झिजलेले म्हणून जे टायर बदलता आहात, तेच पावसात वापरणार? ओल्या रस्त्यावरच तर खोल नक्षी लागते.

रविवारची_गाडी
हे ध्यानात आले नव्हते. मग बाराही महिने क्रोमच राहील आणि मी पुसत बसेन.

जुनी_सेदान
पापुद्र्याच्या जागी फॉइल चालेल.

पाचवे_चाक
आतली कड सुटलेले ते चाक मागे डावीकडे लावू नका, मला पाहवणार नाही. आणि साबणाच्या पाण्याची एक बाटली डिकीत ठेवा.