मदत हवी आहे: २ वर्षांच्या मुलाला उलटीचं औषध किती मिली? (लवकर सांगा)

सईची_आई, रविवार, रात्री ९:१२
धाकट्याला दुपारपासून उलट्या. पाणी दिलं की पाणी, दूध दिलं की दूध, सगळं बाहेर. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद, फोन उचलत नाहीत. नवरा खालच्या मेडिकलमधून उलटीचं औषध घेऊन आलाय. गेल्या वर्षी मोठीला हेच दिलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी ४ मिली लिहिलं होतं, चिठ्ठी जपून ठेवलीये. ती तेव्हा १६ किलोची होती. मग ह्याला त्या हिशोबाने ३ मिली देऊ ना? फक्त हो की नाही सांगा. 'डॉक्टरकडे जा' हे मलाही कळतं, पण अंधेरी सबवेत पाणी भरलंय आणि दवाखाना पलीकडे.

खिडकीजवळची_सीट, ९:१५
मुलाचं वजन? जुलाब? ताप? शू शेवटची कधी केली? कुठे पडला-बिडला नाही ना आज?

सईची_आई, ९:१६
११ किलो. जुलाब २ वेळा. ताप नाही, पडला नाही. मिली सांगा ना कुणीतरी.

मूळ_पार्लेकर, ९:१८
औषध देऊच नका. उलटी म्हणजे पोट स्वतःला साफ करतंय. साळीच्या लाह्या भिजवून त्यांचं पाणी चमचा-चमचा द्या, जायफळ उगाळून चाटवा. आमच्या आईने आम्हा चौघांना याच्यावर वाढवलं.

गल्ल्यामागचा, ९:१९
ताई, २२ वर्षं मेडिकलच्या काउंटरवर आहे. औषधाचं नाव सांगा आणि खोक्यावर बारीक अक्षरात '१ मिलीमध्ये अमुक मिग्रॅ' असं काही लिहिलंय ते वाचा. ते कळेपर्यंत काही देऊ नका. पार्लेकर काका, लाह्यांचं पाणी ठीक, जायफळ नको. ते गुंगी आणतं, मग पोरगं आजाराने मलूल आहे की जायफळाने हे कुणालाच कळणार नाही.

स्नेहल_दादर, ९:२०
माझ्या मुलीला पसरणी घाटात हमखास व्हायचं. प्रवासाआधी ॲव्होमिनची अर्धी गोळी आणि पुढची सीट. एकदम खात्रीचा उपाय.

खिडकीजवळची_सीट, ९:२१
मूल अंधेरीत घरी झोपलंय, घाट कुठून आला? आणि त्या गोळीत प्रोमेथाझिन असतं. २ वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचंच नाही, श्वास मंदावू शकतो. हा काठावर आहे.

सईची_आई, ९:२४
डॉमपेरिडोन. छोटीशी बाटली आहे, ड्रॉपरवाली. '१ मिलीमध्ये १० मिग्रॅ' लिहिलंय. चष्मा लावून वाचलं.

गल्ल्यामागचा, ९:२५
थांबा. ३ मिली अजिबात देऊ नका. जुन्या चिठ्ठीवर 'सस्पेन्शन' लिहिलंय का बघा.

सईची_आई, ९:२६
हो, सस्प. असं लिहिलंय. का? नाव तर तेच आहे.

गल्ल्यामागचा, ९:३०
नाव तेच, औषध दसपट कडक. मोठीला दिलं ते पातळ, १ मिलीत १ मिग्रॅवालं. तुमच्या हातात आहेत ते ड्रॉप्स. ह्याचे ३ मिली म्हणजे ३० मिग्रॅ, आणि ११ किलोच्या मुलाला डॉक्टर एका वेळी साधारण ३ मिग्रॅच्या आत लिहितात. बाटली इवलीशी, वर ड्रॉपर, म्हणून लोकांना वाटतं तान्ह्या बाळाचं सौम्य औषध असेल. असतं नेमकं उलटं, थेंबांत द्यायचं म्हणून घट्ट केलेलं. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, चिठ्ठीवर नुसते मिली बघू नका, मिग्रॅ बघा.

सईची_आई, ९:३३
अरे देवा. ऐका, सासूबाईंनी मी किचनमध्ये असताना ड्रॉपरने एकदा दिलंय. आत्ता कळलं.

खिडकीजवळची_सीट, ९:३४
किती? किती वाजता?

सईची_आई, ९:३७
पाऊण तासापूर्वी. अर्ध्याच्या खाली होतं म्हणतात. लगेच उलटून टाकलं त्याने, चादरीवर वास येतोय त्या औषधाचा.

गल्ल्यामागचा, ९:३८
मग आता पुन्हा काहीच देऊ नका, पोटात किती राहिलं ते आपल्याला माहीत नाही. कोणत्याही बालरोगतज्ज्ञाला व्हिडिओ कॉल लावा, बाटली कॅमेऱ्यासमोर धरा. सासूबाईंना रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी सांगणारच नाहीत.

बाळगुटी_विरोधी, ९:४१
मुळात डॉमपेरिडोन कशाला? ब्रिटनने २०१९ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ते बंद केलं, कारण गॅस्ट्रोत उपयोग दिसला नाही, वर हृदयाच्या ठोक्यांचा धोका. आता ऑन्डान्सेट्रॉनचा एक डोस देतात.

गल्ल्यामागचा, ९:४४
ब्रिटन राहू द्या, माझ्याकडे रोज चिठ्ठ्या येतात. आणि ऑन्डान्सेट्रॉनही ठोक्यांवर परिणाम करू शकतं. घरात कुणाला तसा त्रास असेल, मुलाला आधी कधी भोवळ आली असेल तर डॉक्टरला आधी सांगावं लागतं. त्याने जुलाबही वाढू शकतात.

बाळगुटी_विरोधी, ९:४६
रोज चिठ्ठ्या येतात म्हणून बरोबर? तुमच्याच शेजारच्या दुकानातून ही बाटली चिठ्ठीशिवाय आली.

गल्ल्यामागचा, ९:४७
माझं दुकान भांडुपला आहे साहेब.

खिडकीजवळची_सीट, ९:५०
तुम्ही दोघं वेगळा धागा काढा. ताई, शू कधी केली ते अजून सांगितलं नाहीत. रडताना डोळ्यांत पाणी येतंय का? उलटी हिरवी किंवा रक्ताची नाही ना? हाक मारली की बघतो का? यातलं काही बिघडलं किंवा ६ ते ८ तास शू नाही, तर सबवेची वाट न बघता १०८. मान, डोळे वेडेवाकडे फिरवायला लागला तरी तसंच. ते उलटीच्या काही औषधांनी होतं.

सईची_आई, ९:५५
शू ५ वाजता. डोळ्यांत पाणी येतंय, सईने रिमोट घेतला म्हणून रडला. उलटी पांढरट.

मूळ_पार्लेकर, १०:०२
टेट्रा पॅकवालं गोड ओआरएस मात्र देऊ नका.

स्नेहल_दादर, १०:०४
ते नाव पेयांवर छापायला एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली ना? आमच्या इथे तरीही जुना माल दिसत होता.

खिडकीजवळची_सीट, १०:०६
पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेला बघा. मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात अंदाजाने नको. उलटी झाली की १० मिनिटं थांबा, मग दर दोन मिनिटांनी एक छोटा चमचा. तहानेने ग्लास ओढून घेईल, देऊ नका, एकदम प्यायला की परत सगळं बाहेर.

सईची_आई, ११:२०
नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांनी व्हिडिओवर बघितलं. बाटली दाखवली. आज रात्री औषध काही नाही, फक्त ओआरएस. सकाळी उलट्या चालू असल्या तर त्या स्वतः ऑन्डान्सेट्रॉन लिहून देणार, जुलाबासाठी झिंकही. चमच्याऐवजी बिनसुईची सिरिंज वापरायला सांगितली, घरात होतीच, होळीच्या रंगाची नाही, औषधाचीच! गेला पाऊण तास उलटी नाही. आत्ता डायपर बदलला, चांगला जड होता.

गल्ल्यामागचा, ११:२२
ड्रॉप्सची बाटली मोठीच्या औषधांत ठेवू नका.

सईची_आई, ११:२४
नाही, खोक्यावर जाड मार्करने '१० मिग्रॅ' लिहून कपाटात सगळ्यात वर टाकलीये. सासूबाई विचारतायत लाह्या चालतील का सकाळी.

मूळ_पार्लेकर, ११:२५
मी काय सांगत होतो!